बहिणीची सही आणि मध्यस्थाची खुर्ची

40 तासांचं प्रशिक्षण संपलं, प्रमाणपत्र मिळालं, जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्राच्या यादीत नाव लागलं, की सुरुवातीच्या फायलींत वाटपाचा दावा हमखास असतो. प्रशिक्षणात प्रसंग वठवून घेतात. तिथला भाऊ म्हणजे शेजारच्या बाकावरचा प्रशिक्षणार्थी वकील; चहाच्या सुट्टीपर्यंत त्याची समजूत पटते. खऱ्या फाइलमधला भाऊ वर्षानुवर्षं तारखा खाऊन आलेला असतो. त्याच्या मागे व्हरांड्यात मेहुणा, मामा आणि गावचे माजी सरपंच उभे असतात, आणि या तिघांपैकी एकही पक्षकार नसतो.

त्यात आकड्यांचा तगादा. किती प्रकरणं आली, किती मिटली, हे केंद्राला वर कळवावं लागतं. 1 जुलै 2025 पासून 'राष्ट्रासाठी मध्यस्थी' ही 90 दिवसांची मोहीम देशभर राबवली गेली. अशा काळात तर प्रत्येक फाइल मिटायलाच हवी असं वातावरण तयार होतं. तुंबलेले दावे निकाली निघावेत यात गैर काही नाही. पण मध्यस्थाने हा आकडा डोक्यात ठेवून खोलीत शिरू नये. तडजोड होणं न होणं पक्षकारांच्या हातात आहे. तुमच्या गळ्यात पडणारी जबाबदारी वेगळी आहे: समोरच्याने दिलेला होकार कळून आणि मनाने दिलेला आहे की नाही, हे पाहण्याची. या कामातल्या बहुतेक अडचणी, व्यवहाराच्या काय आणि नीतीच्या काय, तिथेच उगवतात.

आधी फाइल तुमच्याकडे यायला हवी होती का, ते बघा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली न्यायालय प्रकरण मध्यस्थीला पाठवतं. अ‍ॅफकॉन्स विरुद्ध चेरियन वर्की या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोणती प्रकरणं पाठवू नयेत हे सांगितलं आहे. बनावट दस्त, तोतयेगिरी, फसवणूक यांचे गंभीर आणि नेमके आरोप, निवडणुकीचे वाद, अज्ञान मुलं किंवा देवस्थान यांच्याविरुद्धचे दावे त्यात येतात. वडिलांच्या मृत्युपत्रावरचा अंगठा त्यांचा नाहीच, असं एक भाऊ तपशीलवार म्हणत असेल, तर तुम्ही कितीही गोड बोललात तरी तो प्रश्न तुमच्या खोलीत सुटायचा नाही.

मयत भावाची शाळकरी मुलं दाव्यात असतील तर त्यांच्या आईने सही केली म्हणून भागत नाही. अज्ञानाच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची स्पष्ट परवानगी लागते. त्याच संहितेतल्या आदेश 32 चा नियम 7 तेच सांगतो. ती घ्यायची राहिली तर पुढे त्या मुलांना तडजोड रद्द करून मागता येते आणि सगळ्यांचीच मेहनत पाण्यात जाते. नवराबायकोच्या प्रकरणांतही असाच एक खड्डा आहे. दोघांनी मिटवलं म्हणजे छळाचा फौजदारी गुन्हा आपोआप मिटत नाही. तो तडजोडपात्र नाही, रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. हे दोघांना सह्यांच्या आधी कळायला हवं. पैसे देऊन झाल्यावर नवऱ्याला हे कळलं, तर तो पहिला ठपका तुमच्यावरच ठेवेल.

आता ओळखीपाळखीचं. तालुक्याच्या गावात वकिली केलेल्या माणसाला दोन्ही पक्ष अनोळखी असणं जवळजवळ अशक्य. एकाचा भाऊ तुमच्या वर्गात होता, दुसऱ्याच्या मुलाच्या लग्नाला तुम्ही जेवून आला आहात. ओळख असणं दोष नाही, ती दडवणं दोष आहे. पहिल्याच संयुक्त बैठकीत दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर सांगून टाका आणि विचारा की कोणाची हरकत आहे का. 'नाही' आलं तर तेवढी नोंद ठेवा. मात्र याच कुटुंबातल्या कोणाचं वकीलपत्र तुम्ही कधी घेतलं असेल, याच जमिनीचा एखादा दस्त तुमच्या कार्यालयात लिहिला गेला असेल, तर हरकत विचारत बसू नका. फाइल परत पाठवा.

आता मूळ मुद्दा. बागायती जमीन, दोन भाऊ, एक बहीण. वडील वारले, आई थोरल्याकडे. धाकट्याने वाटपाचा दावा लावलाय आणि बहीण प्रतिवादी आहे. संयुक्त बैठकीत थोरला म्हणतो, "तिला काही नकोय. विचारा तिलाच." ती मान खाली घालून म्हणते, "दादा म्हणेल तसं." वकिलांनी हक्कसोडीचं कलम आधीच टाइप करून आणलेलं असतं. धाकट्यालाही ते चालतं, कारण बहीण बाहेर पडली की त्याचाही हिस्सा वाढतो. म्हणजे खोलीतले सगळे राजी. फाइल दुपारच्या जेवणाआधी मिटू शकते.

इथे मध्यस्थाने 'मी तटस्थ आहे, मला काय त्याचं' म्हणून पेन पुढे करायचं का? माझं उत्तर नाही असं आहे. दोन भावांमध्ये तटस्थ राहणं सोपं. पण एका बाजूला ताकद आणि दुसऱ्या बाजूला माहेर तुटण्याची भीती असताना गप्प राहणारा मध्यस्थ तटस्थ नसतो, तो ताकदवानाच्या बाजूला बसलेला असतो. उलट टोकाची चूकही होते. काही मध्यस्थ बहिणीचे वकील होतात आणि "ताई, कायद्याने तुमचा हक्क आहे, सोडू नका" म्हणून तिला घोड्यावर बसवतात. ती घरी जाते, भाऊ बोलणं टाकतात, आणि मध्यस्थ पुढची फाइल उघडतो. तिचं आयुष्य तिला जगायचं आहे, तुम्हाला नाही.

मग करायचं काय? कायदा सगळ्यांसमोर, सगळ्यांना एकदम सांगा, आणि तोही रकमांची बोलणी सुरू होण्याआधी. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना सहदायिकी हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यात आल्या नाहीत. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्र सरकारच्या दुरुस्तीने लग्न झालेली, न झालेली हा भेद संपला. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, हा घोळ विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालाने 11 ऑगस्ट 2020 रोजी मिटवला: हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माने येतो. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरून काढता येत नाही. हे सगळं पाच मिनिटांत सांगून होतं. एकालाच कानात सांगितलं तर तो सल्ला ठरतो, सर्वांना सांगितलं की माहिती.

नंतर तिच्याशी वेगळी बैठक. एकट्या तिच्याशी, तिच्या नवऱ्यालाही बाहेर बसवून. तिची वकील असेल तर ती आत चालेल. 'तुम्ही राजीखुशीने देताय ना' हा प्रश्न विचारूच नका, त्याला एकच उत्तर पाठ असतं. विचारा, "ताई, तुम्ही सोडताय ते किती आहे?" "असेल थोडंफार." "शेजारची जमीन अलीकडे कितीला गेली?" यावर ती एका दमात दर सांगते, कोणी घेतली तेही सांगते, पाण्यासकट. म्हणजे हिशेब तिला चोख माहीत आहे. "मग सोडावंसं का वाटतंय?" थोडा वेळ जातो. "आई दादाकडे आहे ना. उद्या तिला औषधाला नाही म्हणाले तर?"

आता कळलं की अडलेलं कुठे आहे. फाइलमध्ये आईचं नाव प्रतिवादी क्रमांक अमुक एवढंच होतं. आईने कुठे राहायचं, तिच्या दवाखान्याचा खर्च कोणी करायचा, बहिणीने तिला केव्हाही भेटायला यायचं, आईच्या स्वतःच्या हिश्श्याचं काय, हे कोणी विचारलंच नव्हतं. हे प्रश्न आधी संयुक्त बैठकीत घ्या, लेखी घ्या, आणि मगच हक्कसोडीकडे वळा. भीती निघून गेल्यावर काही बहिणी हिस्सा मागतात, काही पैसे मागतात, काही पूर्वीसारखंच 'मला नको' म्हणतात. तिसरं उत्तर आलं तर तेही निमूट लिहून घ्या. माहेरचं दार उघडं राहण्याची किंमत तिने तिच्या मनाने ठरवली असेल, तर ती बाजारभावाने मोजण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

तिला वकील नसेल तर तिच्या सहीची घाई करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकतं. तालुका विधी सेवा समिती बहुधा त्याच इमारतीत असते. पुढची तारीख द्या, तिला तिथे पाठवा. भाऊ कुरकुर करतील, करू द्या. तडजोडीवरून एकदा हुकूमनामा झाला की तो बेकायदा होता म्हणून नवा दावा लावता येत नाही. आदेश 23 चा नियम 3-अ आडवा येतो. त्याच न्यायालयात जाऊन झगडावं लागतं. एवढी वजनदार सही आहे ती.

वेगळ्या बैठकीचा एक नियम हाडीमाशी मुरवून घ्या. दार उघडण्याआधी विचारायचं: "यातलं काय सांगू आणि काय सांगू नको?" तिने आईबद्दल सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय बाहेर आलं तर थोरला म्हणणार, "आम्ही आईला उपाशी ठेवतो काय?" आणि तुमची फाइल तिथेच पेटली. दोन्ही बाजूंना साधारण सारखा वेळ द्या. नाहीतर बाहेर बसलेला माणूस घड्याळ बघून अर्थ लावतो. टिपणं काढलीत तर प्रकरण संपल्यावर फाडून टाका. गोपनीयतेलाही सीमा आहेत. लहान मुलाच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट खोलीत कानावर आली, तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार कळवणं हे कोणाही माणसाचं कर्तव्य आहे, मध्यस्थाचंही. म्हणून सुरुवातीला 'इथलं काहीच बाहेर जाणार नाही' असं सरसकट वचन देऊ नका. अपवाद आहेत, हे एका वाक्यात सांगून ठेवा.

वकिलांविषयी थोडकंच. ते शत्रू नाहीत, आणि त्यांना बाहेर बसवून मिटवलेली तडजोड रात्रीतून उसवते. खरी डोकेदुखी असते ती खोलीत नसलेल्या माणसाची. दुबईतला मुलगा, शिक्षिका सून, भावकीतले काका. सगळं ठरत आलं की पक्षकार म्हणतो, "घरी विचारून सांगतो." हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्या: तुम्ही हो म्हणालात तर घरात कोण नाही म्हणू शकतं? त्या माणसाला दोघांच्या संमतीने बोलवा किंवा फोनवर घ्या.

आता मसुदा. मला विचाराल तर मध्यस्थी फसते ती इथे, संध्याकाळी साडेपाचला, सगळे दमलेले असताना आणि टायपिस्ट निघायच्या घाईत असताना. 'विहीर सामाईक राहील व उभय बंधू सामंजस्याने पाणी घेतील' हे वाक्य मी अनेक तडजोडपत्रांत पाहिलं आहे. सामंजस्य असतं तर दोघे न्यायालयात कशाला आले असते? लिहायचं ते असं: पाळी कोणाची कधी, ती वारांवर की तासांवर. शेतीपंपाची थ्री फेज वीज आठवड्यातल्या काही वारी दिवसा आणि उरलेल्या वारी रात्री येत असेल, तर 'सोमवार ते बुधवार तुझे' या वाटणीत एकाला कायम रात्रीचं भिजवायला जावं लागेल. म्हणून वीज असलेल्या तासांवर आणि आलटून पालटून पाळी लावा. मोटर कोणाची, मीटर कोणाच्या नावावर, बिल कसं वाटायचं, मोटर जळाली तर किती दिवसांत कोणी भरायची. गाळ कोण काढणार, पाइपलाइन कोणाच्या बांधाने जाणार, उन्हाळ्यात तळ लागला तर पाळी कशी कमी करायची. हे विचारताना दोघे भाऊ वैतागतात. वैतागू द्या. याच प्रश्नांवरून पुढच्या एप्रिलमध्ये कुऱ्हाडी निघतात.

जमिनीचं तसंच. 'पूर्वेकडचा निम्मा भाग' असं लिहू नका. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि सह्यांसह कच्चा नकाशा जोडा; वहिवाटीच्या रस्त्याची रुंदी लिहा. तुकडेबंदीचा 1947 चा कायदा विसरू नका. ऑगस्ट 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ठरलं. त्याखालचे तुकडे पाडणारी वाटणी दोघांना कितीही पसंत असली तरी अडकते, कारण न्यायालय फक्त कायदेशीर तडजोडीवरच हुकूमनामा करू शकतं. आणखी एक नेहमीची गफलत: दावा गावच्या जमिनीचा असतो आणि तडजोडीत पुण्यातला फ्लॅट घुसतो. दाव्याबाहेरची स्थावर मिळकत तडजोडीच्या हुकूमनाम्यात आली तर नोंदणी लागते. नोंदणी कायद्याच्या कलम 17 मध्ये ते स्पष्ट आहे. वकिलांना आठवण करून द्या, मुद्रांकाचा हिशेबही त्यांनाच करू द्या. मसुदा झाला की मराठीत, मोठ्याने, सावकाश वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून ऐकलेलं त्याच्या शब्दांत परत सांगून घ्या.

मिटलं नाही तर? मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थाला एका वाक्यावर आणून ठेवलं आहे: मध्यस्थी अयशस्वी झाली, एवढंच कळवायचं. कोणी काय देऊ केलं, कोण आडमुठा होता, कोणाच्या वकिलाने घोळ घातला, यातलं अवाक्षर नाही. न्यायाधीशांनी चहा पिताना सहज विचारलं तरीही नाही. हे पाळणं ऐकायला सोपं आहे. थोरल्याने दिवसभर तुमचा अपमान केलेला असतो तेव्हा मात्र त्या एका वाक्यावर थांबायला हात आखडावा लागतो.

ज्यांना लवादाची कामंही येतात, त्यांनी दोन खुर्च्यांची सरमिसळ करू नये. मध्यस्थाने एका पक्षाला एकटं भेटणं हे त्याचं कामच आहे. लवादाने तसं भेटणं म्हणजे निवाड्याला स्वतःच्या हाताने सुरुंग लावणं. ज्या वादात तुम्ही समेट घडवायला बसलात, त्याच वादात नंतर लवाद होऊ नका. 1996 च्या लवाद आणि समेट कायद्याचं कलम 80 समेटकाराला, पक्षांची संमती नसेल तर, तशी मनाईच करतं. संमती असली तरी मी नाही म्हणेन. बंद दाराआड ऐकलेलं डोक्यातून पुसता येत नाही.

लवादाच्या निष्पक्षतेची कसोटी कायद्याने पुष्कळ बारकाईने लिहिली आहे. त्याच कायद्याचं कलम 12 आणि पाचवी अनुसूची नेमणुकीचा होकार देण्याआधी ओळीने वाचा, विशेषतः मागच्या तीन वर्षांत त्याच पक्षाने तुम्हाला कितीदा नेमलं, हे कलम. गाडीचा हप्ता थकला की वित्तकंपनी करारावर बोट ठेवून आपणच लवाद नेमते, बैठक दूरच्या शहरात लावते आणि सोलापूरच्या टेम्पोवाल्याला इंग्रजी नोटीस पाठवते. एकाच कंपनीकडून अशी गठ्ठ्याने कामं घेणाऱ्याने स्वतःला लवाद म्हणवू नये. पर्किन्स ईस्टमन या 2019 च्या निकालापासून, वादाच्या निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याला एकट्याने एकमेव लवाद नेमता येत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने सरकारी कंपन्यांच्या करारांतली एकतर्फी नेमणुकीची कलमंही अमान्य केली. फीचं तेच. 2022 च्या ओएनजीसी विरुद्ध अ‍ॅफकॉन्स निकालानंतर लवादाला आपली फी आपणच ठरवता येत नाही, पक्षांची संमती लागते. पहिल्याच बैठकीत ती लेखी ठरवा. दोन्ही पक्षांनी लेखी बाजू मांडून झाल्यापासून 12 महिन्यांत निवाडा द्यायचा असतो. तुमच्यामुळे उशीर झाला तर मुदतवाढ देताना न्यायालय दरमहा पाच टक्क्यांपर्यंत फी कापू शकतं. सकाळी दुसरी तारीख असल्यामुळे 'जरा पुढे ढकलू' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

गावातल्या पंचांनाही एक सांगायला हवं. 15 ऑगस्ट 2007 रोजी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून कितीतरी गावांत समित्या बसतात आणि बांधाबंदिस्तीचे वाद चावडीवर मिटतात, ते चांगलंच आहे. पण समितीने दंड ठोकणं, ऐकत नाही त्याला लग्नकार्यात बोलवू नका असं फर्मान काढणं, ही मध्यस्थी नव्हे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2017 पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

राहता राहिले पेढे. प्रकरण मिटलं की कोणीतरी बॉक्स घेऊन येतंच, आणि नाकारलं तर माणूस दुखावतो. दोन्ही बाजूंना एकत्र बोलवा, बॉक्स तिथेच उघडा, सगळ्यांनी एकेक खा, उरलेले केंद्रातल्या शिपायांना द्या. पाकीट असेल तर ते उघडूही नका. तडजोडीआधी कोणाच्या गाडीतून बसस्टँडपर्यंतसुद्धा जाऊ नका, पाऊस कितीही असो.

आणि आपला मोबाइल नंबर देऊ नका. सहा महिन्यांनी थोरल्याचा फोन येतो: "साहेब, त्या विहिरीच्या कलमाचा अर्थ काय, जरा येऊन सांगा." तुम्ही सांगितलेला अर्थ धाकट्याच्या वकिलाच्या नोटिशीत दुसऱ्या दिवशी छापून येईल. पक्षकारांना पुन्हा मध्यस्थी हवी असेल तर दोघांनी मिळून केंद्राकडे अर्ज करावा. नंबर द्यायचाच तर केंद्राच्या लँडलाइनचा द्या.